रकान्याखालची ओळ

३ फेब्रुवारी

ढापण्या,

फोन करू नकोस, हे आधीच सांगते. परवा केलास, मी दोन वाक्यं बोलले, आणि माझा घोगरा आवाज ऐकून तू अर्धा तास माझीच उलटतपासणी घेतलीस. बोलून बोलून मला धाप लागली आणि धाप ऐकून तुला. त्यापेक्षा पत्र बरं. कागदाला खोकला येत नाही.

काम मिळालंय, आणि चांगलं दांडगं मिळालंय. जुन्या थिएटरातल्या तीनशे वीस खुर्च्या. जुनं कापड उसवायचं, आतला फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं. सरळ शिलाई मशीनवर होते, पण बैठकीचे चारही कोपरे हातानंच शिवावे लागतात. जुना फोम हात लावला की पिवळ्या पिठासारखा गळतो. तोंडाला फडकं बांधते, तरी तो कुठून तरी आत जातोच. तुझे भावोजी म्हणतात, सोड हे काम. त्यांना काय जातंय म्हणायला! एकतीस वर्षं मी खुर्च्यांना कपडे घालतेय, मला दुसरं काय येतं?

खरं दुखणं वेगळंच आहे. दम लागला की अडीनडीचा पंप घ्यावा लागतो, आणि तो घेतला की पुढचा अर्धा तास हात थरथरतात. काल तिसऱ्या रांगेतल्या सातव्या खुर्चीचा कोपरा वाकडा आला. उसवला, पुन्हा घातला, पुन्हा वाकडा. तिसऱ्यांदा सुई अंगठ्यात गेली. माझी शिलाई कुणी दुसऱ्यांदा तपासली नव्हती रे आजवर. रोजच्या पंपानं आवाज बसलाय तो निराळाच. बावीस वर्षं झाली या दम्याला, आता कंटाळा आलाय. दम्याचा नाही, त्याच्या औषधांचा.

आणि उपाय सांगणाऱ्यांचा तर सुकाळ आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई मध आणि कसलासा काढा घे म्हणतात. थिएटरचा सुतार म्हणतो, सुया टोचून घ्या. (म्हटलं, मी रोजच घेते.) भावोजींनी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या आणल्यात. कुणी मिठाच्या खोलीत बसायला सांगतं. आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला जे वाचनालय आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ बुधवारी आणि शनिवारी चार वाजता श्वासाचा वर्ग घेतात. सगळे त्यांना श्वासमास्तर म्हणतात.

तू आयुष्यभर हेच वाचतोस ना? पगार त्याचाच घेतोस. मग मला सरळ सांग, यातलं खरं काय. एका कागदावर मावेल असं. मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवीन.

श्वासाचा जोर मोजायच्या त्या फुंकणीचा आजचा आकडा ३४०.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ताईस वाकून नमस्कार. (पाठ धरलीय, म्हणून अर्धाच वाकलोय.)

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. आमची खोली तुला माहीत आहे: तीन टेबलं, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. बावीस वर्षं तुला दमा आहे आणि बावीस वर्षं मी इथं आहे. बरोबरच सुरू केलं की आपण दोघांनी. जगभरचे लोक औषधांचे अभ्यास करतात, ते खोक्यांतून आमच्याकडे येतात, आम्ही ते वाचतो, चाळतो, तक्ते करतो आणि डॉक्टरांसाठी निष्कर्ष लिहितो. निष्कर्षाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘याबाबत आणखी चांगल्या दर्जाच्या अभ्यासांची गरज आहे.’ हे मी इतक्यांदा टाइप केलंय की आता माझी बोटं मला न विचारताच करतात. मी गेलो की माझ्या फोटोखालीही तेच लिहा.

पण तुझ्यासाठी मी खरंच बसलो. दम्यावरच्या इतर उपायांचं खोकं मीच हाताळलं होतं, म्हणून सोपं गेलं. दोन दुपारी गेल्या. सोबत कागद आहे. आमच्या पद्धतीनंच केलाय: प्रत्येक उपायाची एक ओळ, आणि पुढे तीन रकाने. अभ्यास कसे आहेत, फायदा काय, त्रास काय. थोडक्यात सांगायचं तर असं:

सुयांचे अभ्यास लहान आणि एकमेकांशी भांडणारे, त्यामुळे काही सांगता येत नाही. गोड गोळ्यांचा पुरावा पुरेसा नाही. मिठाच्या खोलीचे अभ्यास थोडे आणि कच्चे. मध, काढे, झाडपाला यांचं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. जो तो वेगळंच काही घोटून पाजतो, आणि त्यातल्या काहींनी त्रासही होतो, तेव्हा वरच्या बाईंना नमस्कार कर आणि काढा कुंडीत ओत. राहिले श्वासाचे व्यायाम. या सगळ्यात त्यांचीच ओळ जरा बरी आहे. अभ्यास बरेच आहेत, काही नीट केलेले आहेत. लोकांना बरं वाटतं, दिवस बरे जातात, घाबरणं कमी होतं. फुंकणीचा आकडा मात्र फारसा हलत नाही. त्रास: आढळला नाही.

तेव्हा श्वासमास्तरांकडे खुशाल जा.

कागदाच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती. तिथं तुझं चित्र काढलंय, सुई घेऊन माझ्यामागे धावताना. नाक मोठं आलंय, पण तो दोष चित्रकाराचा नाही.

तुझा ढापण्या


१ मार्च

ढापण्या,

कागद चिकटवला. नाकाबद्दल भेटशील तेव्हा बघते.

‘त्रास: आढळला नाही.’ हे वाक्य मला फार आवडलं. बावीस वर्षांत मला कुणी असं वाक्य दिलं नव्हतं. प्रत्येक औषधाच्या डबीत त्रासांची ही एवढी घडी घातलेली यादी असते. हे वाक्य मी कापडावर खूण करायच्या खडूनं अधोरेखित करून ठेवलंय.

वर्गाला गेले. मास्तर धरून आम्ही चौदा जण आहोत. खोलीत घडीच्या खुर्च्या, सगळ्यांच्या बैठका फाटक्या. पहिली दहा मिनिटं मी श्वास कमी आणि खुर्च्याच जास्त बघितल्या. श्वासमास्तर पूर्वी पोहायला शिकवायचे. सत्तरीचे, पण पाठ काठीसारखी ताठ. उन्हाळा असो नसो अंगात जाकीट, आणि उजवा हात कायम जाकिटाच्या खिशात. डाव्या हातानंच सगळं शिकवतात. तोंड मिटा, नाकानं घ्या, हळू घ्या, कमी घ्या, सोडा, थांबा, मोजा. ‘हावरटासारखी हवा खाऊ नका,’ म्हणतात. ‘पंगत उठत नाहीये.’

बाकीची माणसं चांगली आहेत. फक्त सगळे आपापली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसतात, जणू खोलीत चोरच शिरलाय. मी एकटीच हात हलवत जाते. मला पाहून शेजारची बाई म्हणाली, ‘तुम्ही नवीन दिसता.’ म्हटलं, हो. तर नुसती हसली.

दोन आठवड्यांत फरक वाटतोय. पायऱ्या चढताना पूर्वी मधल्या वळणावर थांबायचे आणि भिंतीवरची नोटीस वाचायचं नाटक करायचे. परवा न थांबता गेले. ती नोटीस नळदुरुस्तीची आहे, दोन वर्षांपूर्वीची. तोंडपाठ झाली होती.

आकडा ३५०.

ताई


१२ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या ऑफिसात येणाऱ्या कागदांत कुणी पायऱ्या चढत नाही. नुसते टक्के चढतात आणि उतरतात.

आज माझं डोकं फिरलंय, म्हणून तुलाच ऐकवतो. एक अभ्यास वाचतोय. नव्वद माणसं घेतली, शेवटी एकोणसाठच उरली. मधल्या एकतीस जणांचं काय झालं? लेखक महाशय लिहितात, ‘एकतीस सहभागी गळाले.’ गळाले! ती काय झाडाची पानं होती? बरी झाली म्हणून यायची थांबली, की त्रास झाला म्हणून, की मेली? माणूस आकडे देता देता एकदम गप्प होतो, तेव्हा तिथंच काहीतरी घडलेलं असतं. मी हे आमच्या बाईंना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगायला गेलो. त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, ‘लिहा, आणखी चांगल्या दर्जाच्या अभ्यासांची गरज आहे.’ लिहिलं.

थकलोय ताई. काम जड नाही, पण आपण वाचतो त्यानं कुणाचं काय होतं, ते कधी दिसतच नाही. तुझं पत्र आलं म्हणून या वेळी दिसलं. व्यायाम सोडू नकोस. आकडा कळवत जा.

ढापण्या


३० मार्च

ढापण्या,

हात थरथरायचे थांबले!

पाचवी रांग पूर्ण झाली. कोपरे असे बसलेत की थिएटरचा मॅनेजर बोट फिरवून म्हणाला, ‘जोड कुठे आहे?’ म्हटलं, शोधा. सापडला नाही त्याला. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. लोकांना वाटलं असेल, बाईचा एखादा टाका उसवलाय.

आवाजही सुटायला लागलाय. भावोजी म्हणाले, ‘बऱ्याच वर्षांनी तुझं ओरडणं स्वच्छ ऐकू आलं.’ यापरतं प्रशस्तिपत्र त्या माणसानं लग्नानंतर मला दिलेलं नाही.

सकाळचा एक कंटाळा कमी झालाय. झोप पहाटे जरा तुटते, पण ते वयानं असेल. श्वास मोजत पडून राहते, मग उजाडतंच.

फुंकणी कुठेतरी कापडाच्या ढिगाखाली गेलीय. सापडली की कळवीन.

ताई


९ एप्रिल

ताई,

शाब्बास! तुझं पत्र मी चक्क ऑफिसात वाचून दाखवलं. आमच्या बाई म्हणाल्या, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. मी म्हणालो, बाई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझी सख्खी बहीण आहे ती. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी वर्षं कागद उपसतोय, त्यातला एक कागद कुणाच्या तरी उपयोगी पडला, आणि ती ‘कुणीतरी’ माझी ताई निघाली.

फुंकणी शोध. मिळाली नाही तर दुसरी घे. तीनशे वीसपैकी किती झाल्या?

ढापण्या


२८ एप्रिल

ताई,

माझ्या पत्राला उत्तर नाही. फोन करू नको म्हणाली होतीस तरी केला, चार वेळा. कुणी उचलला नाही. भावोजींचाही बंद.

रागावलीस का? पत्र ऑफिसात वाचून दाखवलं म्हणून? की खुर्च्यांनी गिळलं? दोन ओळी टाक. नुसता आकडा टाकलास तरी चालेल.

ढापण्या


४ मे

मामा,

तुझी पत्रं आईला अजून दाखवलेली नाहीत. मीच उघडली. फोन आम्ही मुद्दाम उचलले नाहीत. बाबांना कुणाशी बोलायचं नव्हतं आणि मला तुझ्याशी.

आई दवाखान्यात आहे. आज सतरावा दिवस. अठरा एप्रिलला, शनिवारी, वर्गात तिला दम लागला आणि तो थांबेना. पहिले दोन दिवस मशीननं श्वास दिला. आता ती स्वतः घेते, पण एक वाक्य तीन तुकड्यांत बोलते. जिवावरचं होतं, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रोजचा पंप कधी बंद केला? बाबा म्हणाले, छे, ती घेते की. मलाही तसंच वाटत होतं.

घरी येऊन शोधलं. दोन्ही पंप तिच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये होते, बॉबिनच्या डबीखाली. फुंकणीही तिथेच. रोजच्या पंपावर उरलेल्या मात्रांचा आकडा असतो. डॉक्टरांनी हिशेब लावला, तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात थांबलाय. पहिले काही दिवस जुन्या औषधाचा जोर अंगात असतो, म्हणून माणसाला बरंच वाटतं, म्हणे. मग हळूहळू गळा आवळत जातो.

मशीनसमोरच्या भिंतीवर तुझा कागद आहे. ‘त्रास: आढळला नाही’ खडूनं अधोरेखित केलेलं आहे. मी तो कागद दोनदा वाचला, मामा. वरपासून खालपर्यंत. त्यात पंप चालू ठेव असं कुठेही लिहिलेलं नाही. तळाशी एक चित्र आहे.

मी मालाची गाडी चालवते, मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण माझ्या गाडीला ब्रेक नसेल, तर ते मी रंगाच्या आणि हॉर्नच्या आधी सांगते.

तुझी भाची


७ मे

ताई,

भाचीचं पत्र आलं. हे तिनं तुला वाचून दाखवलं तर बरं, नाही दाखवलं तरी तिचं चुकणार नाही.

पत्र वाचून मी ऑफिसात गेलो आणि ते खोकं पुन्हा काढलं. श्वासाच्या व्यायामांचे सगळे अभ्यास टेबलावर मांडले. सुयांचे, गोळ्यांचे, मिठाचेही. एकेकाचं पहिलं पान उघडलं. मी घेतलेल्या प्रत्येकात, ताई, एक वाक्य होतं: ‘सर्व सहभागींनी आपले नेहमीचे औषध चालू ठेवले.’ माणसं पंप घेत होती, आणि वर श्वासाचे व्यायाम करत होती. त्यांना त्रास झाला नाही तो असा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. इतकं माहीत होतं की दिसेनासं झालं होतं. आमच्याकडे नियमच आहे, जी गोष्ट सगळ्या ओळींत सारखीच आहे तिचा रकाना करायचा नाही, जागा फुकट जाते. ती बारीक अक्षरांत तक्त्याखाली लिहायची. बावीस वर्षं ती ओळ मी तक्त्याखाली लिहितोय. तुझ्या कागदावर तक्त्याखाली चार बोटं जागा उरली होती. तिथं मी तुझं नाक काढलं.

आणि त्या एकतीस गळालेल्या माणसांसाठी मी बाईंशी भांडायला गेलो होतो. माणूस आकडे देता देता गप्प होतो तेव्हा तिथंच काहीतरी घडलेलं असतं, हे मीच तुला लिहिलं. पुढच्याच पत्रात तू आकडा दिला नाहीस, आणि मी तुझं पत्र वाचून दाखवून शाबासकी मिळवत बसलो. पहाटे झोप तुटते असं तू लिहिलं होतंस. दम्याच्या माणसाची पहाटे झोप तुटणं म्हणजे काय, हे मी किती कागदांत वाचलंय, मोजून सांगता येणार नाही.

माफी मागायलाही लाज वाटते. मी येऊ का, हे विचारायची हिंमत होत नाही. भाचीला सांग, ब्रेकचं तिचं वाक्य मी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

तुझा धाकटा भाऊ


२४ मे

ढापण्या,

घरी आलेय. दोन उशांना टेकून, थांबत थांबत लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर उसवणार नाही, तसंच वाच.

आधी माझ्या वाटचं. सगळं तुझ्या कागदावर ढकलून मी मोकळी होऊ शकले असते, भाचीनं तर ढकललंयच. पण पंप ड्रॉवरमध्ये मी ठेवला, तू नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, तुलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. फुंकणी ढिगाखाली गेली नव्हती. आकडा उतरायला लागला तेव्हा मीच तिला ड्रॉवरमध्ये घातली. ३१०, मग २८०, मग बघायचंच सोडलं. मला माझे सरळ कोपरे हवे होते रे. चार आठवडे मिळाले. कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातलीच मी.

आता वर्गातलं ऐक. हे भाचीलाही नीट सांगितलेलं नाही. त्या शनिवारी नेहमीसारखं तोंड मिटून मोजत होते. अकराला अडकले. बारा येईचना. डोळ्यांपुढे समोरच्या खुर्चीची फाटकी बैठक फिरायला लागली. मी हात वर केला, आवाज निघाला नाही. श्वासमास्तर धावत आले. आणि त्यांनी पहिल्यांदाच उजवा हात खिशातून काढला. हातात पंप होता.

शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी उघडली. पंप. मागच्या दोघांनी उघडल्या, पंप. ढापण्या, खोलीतल्या प्रत्येक पिशवीतून तो निघाला. तेरा माणसं माझ्याभोवती उभी, प्रत्येकाच्या हातात पंप, आणि सगळे एकमेकांकडे चोरी पकडल्यासारखे बघतायत. गुदमरत असतानाही मला ते दिसलं. एवढ्या खोलीत तो नसलेली मी एकटीच होते. मास्तरांचा पंप मास्तरांनीच माझ्या तोंडाला लावला. गाडी येईपर्यंत मी तग धरला तो त्यावर.

ते दवाखान्यात भेटायला आले होते. खुर्चीवर ताठ बसले. मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं घेतोय. पण शिकवणाऱ्याच्याच खिशात पंप दिसला, तर शिकायला कोण येईल? म्हणून हात बाहेर काढत नव्हतो.’ मी विचारलं, आम्हाला सांगितलं का नाही? तर म्हणाले, ‘मी कधी कुणाला पंप सोडा म्हटलं नाही हो.’ खरं आहे. नाहीच म्हटलं. चालू ठेवा असंही कधी म्हटलं नाही. सगळ्यांना माहीतच असणार, असं धरून चालले.

तुझ्यासारखंच.

हे लागेल तुला, लागू दे. मलाही बारापर्यंत मोजता आलं नव्हतं. पण तेवढं लागलं की पुरे, त्याच्यावर संसार मांडून बसू नकोस. लहानपणी माझी बाहुली फोडलीस तेव्हाही तू आठवडाभर जेवला नव्हतास आणि शेवटी मलाच तुला भरवावं लागलं होतं. आता माझ्यात तेवढा दम नाही.

डॉक्टर बाईंनी पंपाला जोडायचं एक नळकांडं दिलंय आणि पंप घेतल्यावर चूळ भरायला सांगितलीय. त्यानं आवाज बसणं कमी होतं. आणि रोजचा पंप नेमानं घेतला तर अडीनडीचा कमी लागेल, मग हातही कमी थरथरतील, असं म्हणाल्या. एवढी साधी गोष्ट मी त्यांना बावीस वर्षांत विचारली नव्हती. व्यायाम करू का, विचारलं. म्हणाल्या, खुशाल करा, पंपाबरोबर.

जुना कागद भाचीनं फाडून टाकलाय. नवा करून पाठव.

ताई


२ जून

ताई,

नवा कागद सोबत आहे. पहिली ओळ सगळ्यात वर, तक्त्याच्याही डोक्यावर, बोटभर उंचीच्या अक्षरांत काढली आहे: ‘खाली लिहिलेली सगळी माणसं आपला रोजचा पंप घेत होती.’ बाकी तक्ता तोच. पुरावा काही बदललेला नाही.

आमच्या बाईंकडेही गेलो. म्हटलं, दम्याच्या सगळ्या तक्त्यांत ही ओळ वर घ्या. त्या म्हणाल्या, सगळीकडे तेच असेल तर जागा कशाला? मी भाचीचं ब्रेकचं वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, पुढच्या बैठकीत ठेवू. बैठक सप्टेंबरात आहे. होईल की नाही, सांगता येत नाही. मी दर आठवड्याला आठवण करणार आहे. दुसरं मला येतंय काय?

तळाशी जागा मोकळी ठेवलीय. काही काढलेलं नाही.

ढापण्या


१९ जून

ढापण्या,

कागद लागला. भाचीनं स्वतः चिकटवला, चारही कोपऱ्यांना पट्टी मारून. पहिली ओळ दारातूनच वाचता येते. खाली मोकळी जागा बघवेना, म्हणून तिथं मीच तुला काढलंय. चष्मा काढला की तू झालास, फार कष्ट पडले नाहीत.

बुधवारपासून वर्गाला जाते. मास्तरांनी आता नवी पद्धत काढलीय. मधे एक टेबल ठेवतात आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी आपला पंप त्यावर ठेवतात. मग एकेक जण उठून आपापला ठेवतो. चौदा. नवीन माणूस आला की आधी त्याला ते टेबल दाखवतात, मग तोंड मिटायला सांगतात. परवा एक बाई टेबल बघून परत गेली. मास्तरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, जाऊ दे, बाकीचे बसलेत ना.

थिएटरच्या दोनशे चार खुर्च्या झाल्या. उरलेल्या जमतील तशा. जुना फोम उसवायचं काम मी सोडलंय, ते सुतार अंगणात करून देतो. मी फक्त कोपरे शिवते. हात अजून कधी कधी हलतो. तेव्हा सुई खाली ठेवते, थांबते, मग पुन्हा उचलते. तिसऱ्या रांगेतल्या सातव्या खुर्चीचा तो कोपरा वाकडाच राहिलाय. राहू दे. त्यावर बसणारा माणूस नाटक बघणार आहे, कोपरा नाही.

आजचा आकडा ३३०. पूर्वीइतका नाही, पण खरा आहे.

दर रविवारी कार्ड टाकीन, त्यावर नुसता आकडा. एखाद्या आठवड्यात कार्ड आलं नाही, तर मी काय म्हणाले होते ते विसर आणि फोन कर.

ताई